दहा अंश

टोपीच्या कडेला तीन दिवे लावलेत.
पेटलेत, पण दिसत नाहीत.
रिमोटच्या तोंडाशी असतो तसला उजेड,
आपल्या डोळ्यांसाठी नसलेला.
फक्त तोच दिसावा म्हणून कॅमेऱ्याच्या काचेवर
निगेटिव्हचा तुकडा चिकटवलाय.
चोपड्यात आता रोल धुणारं कोणी नाही,
पण जगतरावच्या स्टुडिओत, खोक्यात,
अजून लग्नं पडून आहेत, गुंडाळलेली.
"नवरानवरी नको," मी म्हटलं,
"रोलचं ते टोक द्या, जळलेलं, काळं,
ज्यावर काहीच आलं नाही."
त्याने कात्रीने कापून दिलं. पैसे घेतले नाहीत.
कशाचे घेणार?

मान जराशी, दृश्य फार:
दहा अंश वळा, नव्वद अंश दिसतं.
डोळे मात्र पडद्यावरून हलवायचे नाहीत.
तोंड एकीकडे, नजर एकीकडे,
हे तिरळेपण शिकायला मला आठवडा लागला.
आणि मधोमध एक मेलेला पट्टा ठेवावा लागतो,
जिथे हललेलं धरत नाहीत.
नाहीतर श्वास घेतला तरी रस्ता डुलतो,
ढेकर दिला की गाडी गवतात.

दिवसा जमत नाही.
एप्रिलच्या उन्हात तोच उजेड पोत्यानं भरलेला.
पश्चिमेच्या खिडकीला गोणपाट ठोकलं,
तरी त्याला एक भोक सापडतंच,
आणि कॅमेरा समजतो, सूर्य हेच माझं डोकं.
शर्यतीच्या ऐन मध्यात
गाडी आभाळाकडे बघत बसते.
म्हणून रात्री. कूलरच्या खडखडीत.

आप्पा पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं केळीचा ट्रक, चोपडा ते दिल्ली.
आता मानेतले दोन मणके एकमेकांना धरून बसलेत.
हाक मारली तर अख्खे आप्पा वळतात,
खांद्यासकट, कपाट सरकवावं तसे.
"काय करी ऱ्हायना?"
मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली,
समोर बघा म्हटलं, एक बटण दाबलं:
आता तुमचं समोर ते हे.
जेवढी वळेल तेवढीच वळवा.

वळली. भाकरीची कड उचलून बघावी, एवढीच.
आणि उजवी खिडकी सगळीच्या सगळी आली,
परक्या मुलखातला घाट, कठडा, देवदार,
आरसा, आरशात मागची लाल गाडी.
आप्पा गप्प. पुन्हा उजवीकडे. पुन्हा.
मला वाटलं आता काहीतरी बोलतील,
लक्षात ठेवावं असं.
"ब्रेक कोठे शे?"

मग चाळीसच्या वेगाने चालवली त्यांनी शर्यतीची गाडी.
वळणावर ओव्हरटेक नाही,
मागून आलेल्याला साइड दिली.
अकरा जण पुढे गेले, तेच अकरा पुन्हा मागून आले,
त्यांनाही दिली.
डावीकडे बघितलं तर लोखंडी नळ्या,
आगीचं नळकांडं, बाकी काही नाही.
"क्लीनर कोठे बठस?"
एकच सीट असते, आप्पा.
"मंग डावी बाजूले कोन दखी?"

भिकन दखायचा.
बिजासन घाटात दारावर थाप मारत:
एक म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा.
तो सुरतेला मागावर लागला, त्यालाही झाली बरीच वर्षं.
आप्पांना डावीकडे कधी बघावंच लागलं नव्हतं,
मान धड होती तेव्हासुद्धा.

पुढचं वळण डावं होतं, आंधळं.
आप्पांचा पाय ब्रेकवर. गाडी जागच्या जागी गुरगुरत.
मी मागे उभा होतो, टेबलाच्या पत्र्यावर
एक थाप मारली.

स्टिअरिंग फिरलं.
मान मेलेल्या पट्ट्यातच होती.
टोपीतल्या तीन दिव्यांना काहीसुद्धा कळलं नाही.